गमत नाही

गतवर्षी सप्टेंबर महिन्यात, मरियामातेच्या जन्मोत्सवानंतरच्या रविवारी, मिस्सा आटोपून आम्ही वेदीवस्त्रे उतरवीत होतो. तोच दाराशी एक आजी येऊन उभ्या राहिल्या. हाती एक जाड लिफाफा, त्यावर परदेशी तिकीट. आम्हांला इंग्रजी येते, या एका गुणावर आमची पॅरिशमध्ये बरीच पत आहे. विजेच्या कंपनीच्या पत्रापासून औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत सारे काही आमच्याकडे वाचावयास येते. तेव्हा हेही त्यातलेच काही असेल, असे समजून आम्ही चष्मा लावला.

आत एक शुभेच्छापत्र होते. आजींचा मुलगा हॉलंडमध्ये, आइंडहोव्हन शहरी, इंजिनिअर आहे. सूनबाई केरळच्या. नवऱ्याला मल्याळम येत नाही, बायकोला मराठी येत नाही. म्हणून घरात इंग्रजी, आणि नातवाच्या शाळेत डच. त्या आठ वर्षांच्या नातवाने आजीच्या वाढदिवसासाठी शाळेत स्वहस्ते हे पत्र तयार केले होते. वर रंगीत खडूने डच भाषेतल्या दोन ओळी आणि खाली इंग्रजीत चार-पाच वाक्ये. अक्षर वाकडेतिकडे, पण मजकूर स्वच्छ. 'आय मिस यू', 'सॉरी', 'प्लीज टेक केअर', 'थँक यू'. आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, तीच वाक्ये. त्यांचे भाषांतर करावयास विद्वत्ता ती काय लागणार?

आम्ही घसा साफ करून वाचू लागलो, "प्रिय आजी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मला तुमची उणीव भासते. आम्ही येऊ शकलो नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. कृपया स्वतःची काळजी घ्यावी. आपण पाठविलेल्या गोधडीबद्दल मी आभारी आहे."

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "फादर, पोट्टा रागावला काय माह्यावर?"

"छे, छे! तसे काही नाही. असे का वाटले तुम्हांला?"

"असं तं बँकेचा कागद बोलते." आणि मग अधिक काळजीने, "अन् उणीव कायची हाय त्याले? काही कमी पडून राहिलं का? बापाले सांगा म्हणा."

आम्ही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. पत्रातला एकही शब्द आम्ही चुकविला नव्हता. कोशात पाहिले असते तर आमचेच प्रतिशब्द मिळाले असते. आणि तरीही आठ वर्षांच्या पोराचे प्रेम आजीच्या कानी पोहोचेपर्यंत त्याची नोटीस झाली होती. आम्ही पुन्हा समजावू लागलो, "म्हणजे त्याला तुमची आठवण येते, तुम्ही जवळ नाही म्हणून त्याला..." शब्द सापडेना. आजींनीच तो दिला.

"असं सांगा ना. त्याले तिथी गमत नसन."

गमत नाही! वाचकहो, हा शब्द आम्ही किती वर्षांनी ऐकला म्हणून सांगावे? तो आमचाच शब्द होता. आमचा जन्म याच वऱ्हाडातला. लहानपणी मामाच्या गावी चार दिवस राहिलो की पाचव्या दिवशी "मले गमत नाही" म्हणून आईकडे जाण्याचा हट्ट धरणारे आम्हीच होतो. पुढे पंधराव्या वर्षी सेमिनरीत गेलो. तेथे ठिकठिकाणची मुले. आमचे 'मले', 'तुले', 'काहून' ऐकून ती पोट धरून हसत. आम्ही वर्षभरात बोलणे सुधारले. 'मला', 'तुला', 'का' म्हणू लागलो. तत्त्वज्ञान इंग्रजीत शिकलो, ईशज्ञान इंग्रजीत शिकलो, आणि प्रवचन शुद्ध मराठीत करू लागलो. त्या सुधारणेत काय काय वाहून गेले, याचा हिशेब मात्र त्या सप्टेंबरच्या रविवारपर्यंत आम्ही कधी केला नव्हता.

त्या रात्री पत्रातली ती चार वाक्ये पुन्हा समोर घेऊन बसलो.

पहिले 'आय मिस यू'. इंग्रजीत 'मी' कर्ता आहे. आठवण काढण्याचे काम तो करतो. मराठीत आठवण आपण करत नाही, ती येते. आवडते, सुचते, समजते, भूक लागते, दुःख होते. या साऱ्यांत आपण 'मला' असतो, 'मी' नसतो. सेमिनरीत थोडी लॅटिन शिकताना 'प्लाचेत मिही' हा प्रयोग आला, तेव्हा इंग्रजीतून विचार करणारे आमचे सोबती अडखळले होते. आम्हांला मात्र ते 'मला आवडते' इतके सरळ वाटले होते. फ्रेंच माणूस तर 'तू मला उणा पडतोस' अशा अर्थाचे बोलतो. आमच्या या भागात ख्रिस्ती धर्माची पायाभरणी करणाऱ्यांत १८३८ मध्ये ॲनसी येथे स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे फ्रेंच भाषिक मिशनरी होते. घरादारापासून हजारो मैल दूर, वऱ्हाडच्या उन्हात बसून आपल्या आईला पत्र लिहिताना त्यांच्या लेखणीतून तेच शब्द उतरत असतील. त्यांच्या गावकऱ्यांनी त्यांना 'गमत नाही' हा शब्द शिकविला असेल का, असा विचार त्या रात्री मनात आला.

दुसरे 'प्लीज'. 'कृपया' हा शब्द आम्ही रेल्वे फलाटावर, दवाखान्याच्या भिंतीवर आणि लग्नपत्रिकेत पाहिला आहे. कोणाच्या स्वयंपाकघरात ऐकलेला नाही. मग मराठी माणूस काय उर्मट आहे? मुळीच नाही. त्याची विनवणी वेगळ्या शब्दात नसते, क्रियापदाच्या शेपटीत असते. 'दे' आणि 'दे ना', 'बस' आणि 'बस की' यांतला फरक लहान मुलालाही कळतो. आमच्या वऱ्हाडीत तर याहून गोड सोय आहे. 'ये' म्हणजे आत्ता ये. पण 'येजो' म्हणजे तुला जमेल तेव्हा ये, आम्ही वाट पाहू. 'जेवजो', 'सांगजो', 'राहजो'. आज्ञा आहे, पण घाई नाही. आग्रह आहे, पण ओझे नाही. एका 'जो'मध्ये 'प्लीज'ही आले आणि 'टेक केअर'ही आले.

तिसरे 'थँक यू'. या पॅरिशमध्ये नवे असताना एका बाईंनी आम्हांला आपल्या वावरातली तुरीची डाळ आणून दिली. आम्ही अगदी रीतीप्रमाणे "धन्यवाद" म्हणालो. बाईंचा चेहरा उतरला. "आम्ही का परके आहो, फादर?" आमच्याकडे आभार मानतात ते परक्याचे, सभेतल्या पाहुण्याचे. घरच्या माणसाने काही दिले तर वस्तूची स्तुती करायची, पोटभर खायचे, आणि म्हाताऱ्या माणसाने "देव तुले सुखी ठेवो" म्हणायचे. आभार थेट न मानता ते देवाच्या हवाली करायचे, ही खरे तर प्रार्थनाच. ख्रिस्ती माणसाला याहून चांगले भाषांतर दुसरे कोणते सापडणार? नव्या पिढीचे 'थँक यू' वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी ते जरूर शिकावे. एवढेच वाटते की, ते शिकताना आजीच्या आशीर्वादाला अडाणी समजू नये.

चौथा शब्द 'सॉरी'. त्याविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका पॅरिशमध्ये होतो. तेथे एक वृद्ध धर्मशिक्षक होते. सारे त्यांना मास्तर म्हणत. खेड्याखेड्यांतून सायकलवर फिरून त्यांनी तीन पिढ्यांना प्रार्थना शिकविल्या होत्या. एका नाताळात वर्गणीच्या हिशेबात थोडी रक्कम कमी भरली. आम्ही चार लोकांदेखत त्यांना विचारले, आणि ज्या सुरात विचारले तो सूर विचारण्याचा नव्हता. मास्तर काही बोलले नाहीत. आठवड्याने ती पावती आमच्याच टेबलाच्या खणात सापडली.

त्या दिवशी आम्ही घाईत होतो. मोटारसायकल सुरू करता करता, फाटकाशी उभ्या असलेल्या मास्तरांना म्हणालो, "सॉरी हं मास्तर, पावती सापडली." ते म्हणाले, "काही नाही, फादर. जातो."

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात. इंग्रजीतील 'गुडबाय' हा 'देव तुमच्याबरोबर असो' या वाक्याचा झिजलेला अवशेष आहे, असे शब्दांचा इतिहास सांगतो. आपल्या 'येतो'मध्ये परतण्याचे वचन आहे. मास्तरांनी ते वचन दिले नाही, हे आमच्या ध्यानी आले ते पुष्कळ उशिरा. त्यानंतर ते मिस्सेला येत, पण शेवटच्या बाकावर बसत. आमच्या घराची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. त्या उन्हाळ्यातच ते गेले. त्यांच्या अंत्यविधीत आम्ही क्षमेवर प्रवचन केले. लोकांना ते आवडले.

'सॉरी' हा शब्द वाईट नाही. पण तो गर्दीत कोणाचा धक्का लागला तरी चालतो आणि एखाद्याच्या अब्रूला धक्का लागला तरी चालतो. म्हणूनच तो आम्हांला सोपा वाटला. मराठीत त्या जागी "माझं चुकलं" म्हणावे लागते. ते मोटारसायकलवर बसून म्हणता येत नाही. खाली उतरावे लागते. पापनिवेदनाला येणारी शिकलेली मुले हल्ली "फादर, आय ॲम सॉरी" एवढ्यावर थांबतात, तेव्हा आम्ही त्यांना म्हणतो, 'बाळा, हेच एकदा आपल्या भाषेत सांग.' पुष्कळदा तेथे त्यांचा आवाज बदलतो. दुसऱ्याला हे सांगण्याचा अधिकार आम्हांला किती, हा प्रश्न निराळा.

बोलीतून धर्म सांगण्याची ही अडचण आमच्यापुरती नाही आणि आजची तर नाहीच. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवाजुळव केली. त्या महानुभाव परंपरेत एक आठवण जपली आहे. केशोबास हे मोठे संस्कृत पंडित. ते संस्कृतातून ग्रंथ रचू लागले, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यांना थांबविले. कारण काय सांगितले? असे केलेस तर माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील! सातशे वर्षांपूर्वी, आमच्या घरापासून काही कोसांवर, एका आचार्याने धर्मग्रंथाची भाषा ठरविताना म्हाताऱ्यांचा विचार केला. आणि आम्ही एका म्हातारीला 'उणीव भासते' म्हणून सांगत होतो.

आपल्या परंपरेतही हा विचार होता. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्राने कळविले. १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. येशूची कथा सांगण्यासाठी त्यांनी कोणत्याही युरोपीय छंदाची नक्कल केली नाही. येथल्या लोकांच्या कानात बसलेली ओवी घेतली, आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा येथल्यांचा शब्द घेतला. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. साध्या बायकांना ते वाचता यावे, ही त्यांची तळमळ. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. या थोरांच्या हाताशी शब्दांची संपत्ती होतीच. पण तो शब्द कोणाच्या कानी पडणार आहे, हे त्यांनी आधी पाहिले.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हापासून हे काम साऱ्या चर्चचे झाले आहे, आणि ते संपलेले नाही. इंग्रजी मिस्सेतले, सभेने गुरूला द्यावयाचे साधे प्रत्युत्तरसुद्धा २०११ मध्ये बदलले गेले. डच भाषिकांच्या प्रभूच्या प्रार्थनेत २०१६ च्या आगमनकाळापासून मोहाविषयीच्या विनंतीचा शब्द बदलला. अनेक शतके मुखात असलेल्या शब्दांचीही पुन्हा पारख करावी लागते.

या बाबतीत मराठीने आपल्याला एक देणगी दिली आहे. इंग्रजीतल्या 'वी' या एका शब्दासाठी आपल्याजवळ दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. "आपण प्रार्थना करू या" असे म्हणताना गुरू सभेला आपल्यात घेतो. पित्याशी बोलताना मात्र आपण 'आमच्या' म्हणतो, कारण तो ऐकणारा आहे. या लेखातही आम्ही जुन्या वळणाने स्वतःला 'आम्ही' म्हणवीत आलो आहोत. त्यात थोडा मान आहे, थोडा आडोसाही आहे. पण मिस्सेच्या आरंभी जी प्रार्थना म्हणून आपण अपराध कबूल करतो, तिच्यात चर्च आपल्याला तो आडोसा घेऊ देत नाही. सारी सभा एका सुरात म्हणत असते, पण प्रत्येकाला 'मी' म्हणावे लागते.

असो. आजींची गोष्ट राहिली.

पुढच्या रविवारी आजी पत्राचे उत्तर लिहवून घ्यावयास आल्या. या वेळी लेखनिक आम्ही, आणि मजकूर त्यांचा. "बाबू, तुयं पत्र भेटलं. तुयाबिगर मलेबी गमत नाही. जेवत जाय. मोठा होजो. सुट्टीत येजो." इतकेच. इंग्रजीत लिहावयास बसलो, आणि 'येजो'पाशी थांबलो. नुसते 'कम' लिहिले तर हुकूम होतो. 'प्लीज कम' लिहिले तर पत्रिका होते. शेवटी त्यांच्या मुलाला फोन लावला आणि विचारले, तुमच्या डच लोकांत अशा वेळी काय म्हणतात? तो हसला. म्हणाला, "फादर, ते म्हणतात 'कोम एन्स लांग्स'. 'एन्स' म्हणजे एकदा. आपण नाही का म्हणत, एकदा ये ना?" वऱ्हाडीचा 'जो' इंग्रजीच्या दारात अडला होता, तो डच भाषेत मात्र आपल्या भावंडासारखा भेटला.

त्यानेच आणखी एक गंमत सांगितली. तिकडे वाढदिवस असलेल्या माणसाबरोबर त्याच्या घरच्यांचेही अभिनंदन करतात. आईच्या वाढदिवशी डच शेजाऱ्यांनी त्याचा हात हाती घेऊन म्हटले होते, तुमच्या आईबद्दल तुमचे अभिनंदन. आजींना हे सांगितले तेव्हा त्या मान डोलावून म्हणाल्या, "बराबर हाय. वाढदिवस का एकल्याचा असते?" आणि तिकडे आजारी किंवा दुःखी माणसाला 'स्टेर्कटे', म्हणजे बळ, असे एका शब्दात इच्छितात, हेही त्यांना आवडले. "देव बळ देवो, असंच ना?" त्यांनी विचारले. आम्ही होय म्हणालो. ते भाषांतर आमच्याहून सरस होते.

पत्रात आम्ही 'येजो' हा शब्द तसाच ठेवला आणि पुढे त्याचा अर्थ चार ओळींत लिहिला. महिन्याभराने आजी मोबाइल घेऊन धावतच आल्या. पडद्यावर नातू. तो शब्द आता निरोपाचा आहे, असे त्याने ठरवून टाकले होते. बोलणे संपताना हात हलवून मोठ्याने ओरडला, "आजी, येजो!" आजी हसता हसता डोळे पुसू लागल्या. "मलेच बोलावून राहिला तो," म्हणाल्या. त्याचे व्याकरण आम्ही सुधारले नाही.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलांना इंग्रजी शिकवा, जर्मन शिकवा, डच शिकवा. त्यात त्यांचे हित आहे. पण आजीला कळतील असे पाच-सहा शब्द त्यांच्या ओठांवर राहू द्या. आठवण कशी सांगावी, चूक कशी कबूल करावी, निरोप कसा घ्यावा, एवढ्यापुरते तरी. बाकीचे कोशात सापडते.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या दफनभूमीतला विधी उरकून आम्ही मोटारसायकल काढली आणि त्या जुन्या पॅरिशच्या गावी गेलो. संध्याकाळ झाली होती. लोक मेणबत्त्या लावून परतले होते. मास्तरांच्या कबरीवर कोणी झेंडूची फुले वाहिली होती. आम्ही खाली बसलो. प्रार्थना झाली. मग जे फाटकाशी म्हणावयास हवे होते ते म्हणालो. शुद्ध मराठीत नव्हे, इंग्रजीत नव्हे, आणि 'आम्ही' म्हणूनही नव्हे.

"मास्तर, माहं चुकलं."

उठताना हात जोडले आणि म्हणालो, "येतो."